कीबोर्डमधला निळा उजेड

“हे बटन कुठलं हाय, सांग बरं,” म्हणत सुमनताईंनी कीबोर्ड माझ्या नाकाशी आणला. अंधारात बटनावरचं अक्षर दिसेना.

धारूरच्या या कॉम्प्युटर सेंटरची दुरुस्ती माझ्याकडे असते. त्या दुपारी मशीन ठणठणीत होतं, अडचण अंधाराची होती. लाइट गेलेली, आणि इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर-प्रिंटर चालतात. एरवी खिडकीतून उजेड येतो, पण खिडकीवर मालक नानांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्यात नाना, त्यांच्याहून मोठे पक्षाचे साहेब आणि एक वाघ.

सुमनताई बरीच वर्षं झेरॉक्सला उभ्या होत्या. गुडघे धरले म्हणून नानांनी त्यांना टायपिंगच्या खुर्चीत बसवलं. काम नवं, त्यामुळे अक्षर दिसल्याशिवाय बोट पडत नव्हतं. सोमवारपर्यंत स्पीड आला नाही तर पुन्हा झेरॉक्स, असं नानांनी सुनावलं होतं.

“फ्लेक्स काढा की,” मी म्हणालो.

“साहेबांचा फोटो हाय त्याच्यावर, बाबा. कुनी जाऊन सांगितलं तर? तू लाइट कीबोर्डातच बसव. निळी. विमानात असती तशी.”

“विमानात बसलाय का कधी?”

“फोटो बघितलेत.”

काम अवघड नव्हतं. यूएसबीच्या वायरीत चार तारा असतात. दोन निरोप नेतात. लाल आणि काळी पाच व्होल्टची वीज देतात. एलईडीला तीनेक व्होल्ट पुरतात, उरलेला जोर रेझिस्टर अडवतो. बंद पडलेल्या माऊसची वायर कापली, बटनांच्या फटींत निळे एलईडी बसवले आणि पिन लावली.

“लई भारी,” म्हणत नानांनी शेजारच्या दुकानदाराला बोलावलं. फोटो निघाले.

सुमनताई वाकून बघत होत्या. “नाना, गल्ल्या दिसायल्यात. घरांचे नंबर न्हाई.”

खरं होतं. स्वस्त कीबोर्डची बटनं भरीव काळ्या प्लास्टिकची. उजेड अक्षरातून येत नाही, फटीतून येऊन थेट डोळ्यांत जातो.

मग भिंतीवरच्या वायरी झाकायची केसिंग-पट्टी कापली. आत पाच व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी चिकटवली. दुसऱ्या कीबोर्डच्या मागच्या कडेला, बाटलीच्या बुचांवर, तोंड खाली करून ती बसवली. दिसायला गोठ्याच्या पत्र्यासारखी. अक्षरं मात्र स्वच्छ.

सोमवारी पुन्हा लाइट गेली. एक जण विहिरीचा अर्ज घेऊन आला. नाना ताईंच्या पाठीमागे उभे राहिले. त्या माणसाचा चहा संपायच्या आत अर्ज प्रिंटरमधून बाहेर आला.

नानांनी कागद वर-खाली पाहिला. “ठीक हाय, बसा इथंच. पन हिला निळी न्हाई का लावता येत?”

“निळी झेरॉक्सला लावा, नाना,” ताई मान वर न करता म्हणाल्या. “तिथं आता कुनी उभं न्हाई.”

निळा कीबोर्ड आता नानांच्या टेबलावर आहे. नाना टाइप करत नाहीत, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. हल्ली कुणी लाइट बसवून घ्यायला आलं की मी आधी विचारतो, बघायला हवी की दाखवायला? बहुतेक जण म्हणतात, दोन्ही.