समजूतकाका

समजूतकाकांना हवं तेव्हा रडता यायचं. वर्ध्यातल्या ज्या खाजगी दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे, तिथले ते जनसंपर्क अधिकारी. उपचार बिघडला आणि नातेवाईक भरपाई मागायला आले, की डॉक्टर मागच्या दाराने निघायचे आणि पुढच्या दाराने डोळे भरून काका यायचे.

"डॉक्टर बी मानूसच हाय ना, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरचा जरा सैलावला, की मोठ्या भावाला बाजूला घेऊन कुजबुजायचे, "धाकट्याचा पैशावर डोळा दिसून राह्यला." धाकट्याला नेमकं उलट. घरी पोचेपर्यंत भाऊ एकमेकांच्या उरावर, दवाखाना मोकळा. याला ते समजूत काढणं म्हणत.

आम्हा कर्मचाऱ्यांशी मात्र गोड. माझी आई आजारी होती तेव्हा रोज डबा पाठवला त्यांनी. त्याचीच मला जास्त चीड येते. ज्याला माया ठाऊकच नाही, त्याला एक वेळ माफ करता येतं.

हिंगणीच्या मंदाबाई भाजी पिकवायच्या. आमच्याकडे दिलेल्या इंजेक्शननंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला. काका बिल माफ करायला तयार झाले.

"मले माफी नको," बाई म्हणाल्या. "तुमचं चुकलं म्हना. मंग पुढचं बोलू."

"नशिबाची गोष्ट हाय, बाई."

"सुई नशिबानं टोचली का?"

मग काकांनी त्यांच्या नवऱ्याला व्हरांड्यात गाठलं. तो साधा माणूस आत आला आणि सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, "हे म्हनतेत, तू नाटक करून राह्यली."

मंदाबाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलून काकांच्या टेबलावर ठेवला. मासळीसारखा पडून राहिला तो. "घ्या. पाहा तपासून." काका पंख्याकडे बघू लागले.

मंदाबाई ग्राहक आयोगात गेल्या. मी नोकरी सोडली आणि जे ऐकलं ते तिथे सांगितलं. निकाल त्यांच्या बाजूने लागला, दवाखान्याला भरपाई द्यावी लागली. हात काही परत आला नाही.

काही वर्षांनी पुलगावच्या बसस्टँडवर काका भेटले. आता तिथल्या दवाखान्यात होते, जास्त पगारावर. "इकडची मानसं लई समजदार, पोरी. तू बी येजो, जागा हाय."

"काका, तो हात कसा आहे, कधी विचारलंत?"

त्यांनी कपाळाला आठ्या घालून प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"कोनाचा?"