भाता नसलेली पेटी

आमच्या वडिलांना घरात सगळे भाऊ म्हणतात, आणि हट्टीपणात अख्ख्या औंढे गावात त्यांना जोड नाही. जन्मभर त्यांनी भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवली. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता हात हलवा. पण हे आपले हात मांडीवर टाकून बसलेले. "मेलाय त्यो. कायबी कळत न्हाई त्याला." व्यायामाला दिलेला स्पंजचा चेंडू त्यांनी कुत्र्याला खेळायला दिला. आणि एक दिवस जाहीर केलं, की पेटी पार्टीला देऊन टाकणार. भाता मारायला हातच नाही, तर पेटी घरात काय करायची?

मला आधी रडू आलं आणि मग सणकून राग आला. पेटी गेली की हा माणूस भिंतीकडं तोंड करून बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी गावाजवळच, लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यातल्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. तिथल्या हॉलमध्ये एक म्हातारा ग्रँड पियानो आहे. एरवी आम्ही त्याच्यावर चिक्कीचे बॉक्स ठेवतो. दमट हवेत पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून त्याच्या पोटात एक बल्ब जळत ठेवावा लागतो, आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात. भाऊंना म्हटलं, चला तिथं, त्याला भाता नाही, उजव्या हातानं वाजेल की!

"तुजं डोकं फिरलंय," भाऊ म्हणाले. पण आले ते इस्त्रीचा सदरा घालून.

पेटीवर ठेवतात तसं त्यांनी अलगद बोट ठेवलं आणि पट्टी हळूच दाबली. पट्टी पार खाली गेली, आवाज मात्र शून्य.

"मुका हाय की गं ह्यो!"

"जरा जोर लावा, भाऊ."

लावला! कोपऱ्यात चहा पिणारं जोडपं दचकलं, एकाचा चमचा खाली पडला. खर्जाचा सूर हॉलभर घुमला आणि हळूहळू विरत गेला. भाऊंनी पट्टी सोडली नव्हती. नख पांढरं पडेस्तोवर दाबून धरली होती.

"म्या धरलाय आन् ह्यो चाललाय कुटं?"

पियानो लावायला पुण्याहून येणारे गृहस्थ सांगतात, ते मी जसंच्या तसं ऐकवलं. आत छोटी हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे येते, मग वरून कितीही दाबा. जुन्या पियानोची पट्टी खोल जाते, तिच्यावर जोर करायचा नाही, बोटाचं वजन सोडायचं. भाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्याच पद्धतीनं सुरू केलं.

एकेक सूर तपासत ते या टोकापासून त्या टोकाला गेले. खालचे घोगरे, मधले गोड, शेवटच्या पट्ट्यांवर नुसती लाकडाची टकटक. "मधी गळा झ्याक हाय," त्यांनी निकाल दिला, "वर सर्दी झालीया." पिवळ्या पडलेल्या हस्तिदंती पट्ट्यांवरून अंगठा फिरवून म्हणाले, "लय जणांची बोटं झिजलीत हितं."

मग जयंतीला वाजवतात ते गाणं धरलं. सूर टिकेना, म्हणून तीच पट्टी पुन्हा पुन्हा मारून त्यांनी तो जिवंत ठेवला. मान डोलायला लागली. आणि माझं लक्ष डाव्या हाताकडं गेलं. तो मांडीवर नव्हताच! पट्ट्यांच्या पलीकडं, पेटीचा भाता असतो तिथं, नुसत्या हवेत तो पुढं-मागं चालला होता. ठेक्यात मनगट वाकत होतं, सरळ होत होतं.

जोडपं खुदकन हसलं. त्यांच्याकडं मी असं बघितलं, की ते बिल मागायलाही आले नाहीत.

गाणं संपलं आणि भाऊंना स्वतःचा हात दिसला. चोरी पकडल्यासारखा त्यांनी तो खाली घेतला, दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. चेहरा वेडावाकडा झाला.

"दुकतंय गं. लय दुकतंय."

इतके महिने ज्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं, तो हात दुखत होता! मी तिथंच खाली बसले. हसत होते की रडत होते, देव जाणे.

"बापाचा जीव चाललाय आन् हसतीस काय?" भाऊ खेकसले. "पार्टीवाल्यास्नी फोन लाव. पेटी न्यायला येऊ नका म्हनावं."