झाकलेलं सवणं

कळंबचं आमचं सासरचं घर भित्रं होतं. घर कुठं भित्रं असतं का, म्हणाल, असतं. आजेसासऱ्यांनी ते निजामाच्या राज्यात, दरोडेखोरांच्या भ्यानं बांधलेलं. दोन हात रुंद भिंती, खिडकी एकही न्हाय. दारं इतकी बुटकी, की चोर आला तर आधी त्याची मान आत यावी. प्रत्येक खोलीच्या माळवदाला तेवढं एक सवणं, म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं परातीएवढं भोक.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पण त्या बहात्तरच्या दुष्काळात माझ्या माहेरी, ईट गावाला, विहिरी आटलेल्या. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं कशानं? कळंबला निदान टँकर यायचा, म्हणून मी सासरीच, मागच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत झाले. मुलगी झाली. त्या खोलीची मला लई भीती. सासूबाईंची पहिली तान्ही लेक तिथंच झोपेत गेली होती. रझाकारांच्या धामधुमीतली गोष्ट, पण शेजारणी अजून दबक्या आवाजात म्हणायच्या, "त्या खोलीत काय तरी हाय." अगं बायांनो, हे बाळंतिणीला सांगायचं असतं का?

त्यातच पेठेत चोऱ्या सुरू झाल्या. एका घरात सवण्यातून पोरगं खाली सोडून धान्य नेलं म्हणे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लगेच माझ्या खोलीच्या सवण्यावर फरशी ठेवली. उजेड गेला. थंडीचे दिवस होते. सासूबाईंनी बाजेखाली कोळशाची शेगडी भरून ठेवली, वारं लागू नये म्हणून दार लोटून घेतलं आणि घागर घेऊन टँकरवर गेल्या.

थोड्या वेळानं डोकं जड झालं. कानात घूं घूं. लेकीला पाजायला घेतलं तर तोंड उघडेना, मान लुळी. आली! सासूबाईंची गेलेली लेक माझ्या लेकीला न्यायला आली! पाय उचलेनात. पोरीला पोटाशी धरून गुडघ्यांवर सरकत गेले, खांद्यानं दार ढकललं अन् अंगणात पडले. पोर हलेना. पाठ चोळली, तळपाय चोळले, तोंडावर फुंकर घातली. कुणाकुणाला नवस बोलले, मलाच ठाऊक न्हाय. मग ती एकदम रडली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "अगं बया, बाळंतीण उघड्यावर? वारं लागंल की!"

"लागू द्या, आत्याबाई! आत जीव घुसमटून मेलो असतो आमी!"

घागर टेकवून त्या मला पांघरायला वाकळ आणायला तरातरा आत गेल्या, अन् खोकत खोकत परत आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. आधी शेगडीकडं बघितलं, मग वर फरशीकडं.

"माझी लेक गेली त्या साली बी सवणं झाकलं होतं, खाली शेगडी अशीच," त्या म्हणाल्या. "रझाकाराच्या भ्यानं. माझे सासरे नगं म्हणत होते. म्याच झाका म्हणलं."

लेक रडतच होती. मी तिला त्यांच्यापुढं धरलं, तर त्यांनी हात मागं घेतले.