पूर्ण मात्रेच्या बीकरमधली सहावी पिसू

आधीच सांगून ठेवते, हे सदर मी वाचत नाही. माझी नणंद वाचते, आणि तिनं महिनाभर डोकं खाल्लं म्हणून लिहायला बसले. भूतखेत, भानामती, अंगात येणं... असला विषय आमच्या घरी निघाला की मी उठून सरळ भांडी घासायला जाते. बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवतेय. जे डोळ्यांना दिसतं, मोजता येतं आणि पुन्हा करून बघता येतं, तेवढंच माझ्यासाठी खरं. आता पंचाईत अशी की हे मला दिसलं, मी ते मोजलं, आणि पुन्हा करूनही बघितलं.

मी राहते पिपरी मेघेला, कॉलेज वर्ध्यात. आमच्या विभागाची लॅब तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीबाहेर सायकल स्टँड आणि एक कडुनिंब, बाकी काही नाही. भयाण वगैरे तर मुळीच नाही. लॅबमध्ये माझ्यासोबत असतात गजूभाऊ, आमचे लॅब अटेंडंट. सेलूहून रोज एसटीनं येतात. माणूस कामाला चोख, पण देवभोळा. परीक्षेच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावतात, आणि मी ते पुसते. हे आमचं वर्षानुवर्षं चाललंय.

गेल्या हिवाळ्यात सेलू तालुक्यातल्या एका गावाहून कवडूजी नावाचे गृहस्थ मला भेटायला आले. सत्तरीचे, ढीवर समाजाचे, गावच्या मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष. गावतलाव जलकुंभीनं, म्हणजे जलपर्णीनं, पार झाकून गेला होता. डास वाढले, घरोघरी ताप आला, म्हणून तलावात तणनाशक टाकायचा विचार पंचायतीत चालला होता. सरपंचताई वाईट होत्या असं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात दोन माणसं तापानं पडली होती. औषध विकणाऱ्यानं त्यांना शब्द दिला होता की कुंभी मरेल, पाण्यातल्या जिवांना काही होणार नाही. पण त्याच तलावात पावसाळ्यात सोसायटीनं माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली होती. पस्तीसेक घरांचं वर्षाचं पोट त्यावर. कवडूजींचं म्हणणं साधं होतं — ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे, त्याआधी कोणीतरी शिकलेल्या माणसानं खरं काय ते सांगावं. त्यांनी औषधाची एक बाटली पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी हो म्हटलं. याची चाचणी असते, आणि ती मला येते.

कशी असते ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तलावाच्या पाण्यात डॅफ्निया नावाचा टाचणीच्या डोक्याएवढा जीव असतो. आम्ही त्याला पाण्यातली पिसू म्हणतो. लहान मासे यावरच वाढतात. या पिसवांची एक दिवसाच्या आतली पिल्लं घ्यायची आणि औषध मिसळलेल्या पाण्यात अठ्ठेचाळीस तास ठेवायची. मी औषधाच्या पाच मात्रा घेतल्या. सगळ्यांत वरची म्हणजे तलावात जी पडणार होती ती, पूर्ण. मग तिच्या निम्मी, मग त्याच्या निम्मी, असं खाली खाली. शिवाय एक साधं स्वच्छ पाणी, तुलनेसाठी. प्रत्येकाचे चार बीकर आणि प्रत्येक बीकरमध्ये मोजून पाच पिल्लं. दोन दिवसांनी बीकर अलगद हलवायचा, पंधरा सेकंद बघायचं. जी पोहत नाही ती गेली असं धरायचं. दिसेल ते तिथल्या तिथं नोंदवहीत पेननं लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, खाडाखोड करायची नाही. खाडाखोड दिसली की मी पोरांना जर्नल परत करते, मग ते कोणाचंही असो.

पहिली चाचणी सोमवारी सकाळी अकराला लावली, बुधवारी अकराला मोजली. साध्या पाण्यातली वीसच्या वीस मजेत. पूर्ण मात्रेत पहिल्या बीकरात पाचही तळाशी. दुसऱ्यात पाचही, तिसऱ्यातही. चौथ्यात पाच तळाशी... आणि एक पोहतेय.

मी पुन्हा मोजलं. सहा. पाच मेलेल्या आणि एक चांगली टुणटुण उड्या मारत फिरणारी.

म्हटलं, टाकतानाच सहा पडल्या असतील. घाईत होतं असं. मी त्या एकीला काचेच्या नळीनं काढून फेकलं आणि नोंदवहीत लिहिलं, पूर्ण मात्रा, वीसपैकी वीस गेल्या. एकवीस लिहिलं नाही. हे मी इथं कबूल करते, कारण पुढचं सगळं यातून झालं. मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. चूक मोजण्यातली असो की टाकण्यातली, मी बघितलेलं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुन्हा सगळी चाचणी लावली. या वेळी पिल्लं मी टाकली आणि प्रत्येक बीकर गजूभाऊंनी भिंगातून मोजला. पाच म्हणजे पाच. वरून काचेच्या तबकड्या झाकल्या. उजेडाचा काही खेळ असेल म्हणून बीकरांच्या जागाही बदलल्या. चौथा बीकर खिडकीपाशी होता तो दाराकडे नेला.

शनिवारी चौथ्या बीकरात सहा.

पाच तळाशी, एक पोहतेय. एका दिवसाच्या पिल्लाला दोन दिवसांत पिल्लू होत नाही, त्याला आठ-दहा दिवस लागतात. आणि झालंच समजा, तर ज्या पाण्यात त्याची आई गेली त्यात ते इतकं ठणठणीत कसं? गजूभाऊंनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, आपण त पाचच टाकले होते. मी मोजले ना माह्या डोळ्यानं." मग त्यांनी हळूच सुचवलं की तलावाची काही राखण असेल, तिथं एक नारळ फोडून यावा. मी त्यांच्यावर चिडले. नारळानं आकडा बदलतो का, असं काहीतरी बोलले. खरं सांगायचं तर मी स्वतःवर चिडले होते. त्यांच्यासमोरच नोंदवही उघडली, बुधवारच्या ओळीवर रेघ मारली, सही केली, आणि लिहिलं — चौथ्या बीकरात एक जास्तीची, जिवंत. खाली शनिवारचंही तेच लिहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते सरकारी कचेरीत आहेत, उभा जन्म फायलींत गेलाय. आधी त्यांनी माझी टिंगल केली, म्हणाले की पिसवासुद्धा आता तुझ्या तासाला प्रॉक्सी लावायला लागल्या. मग मात्र गंभीर झाले. त्यांचं म्हणणं होतं की अहवालात ही एक ओळ गेली की बाकीच्या सगळ्या ओळी वाया. समोरचा माणूस बरोबर तीच धरून बसेल. पस्तीस घरांसाठी करतेयस ना, मग ती ओळ काढ. वीसपैकी वीस गेल्या हे खोटं थोडीच आहे?

खोटं नव्हतंच, तीच तर अडचण होती. रविवारभर मी तो विचार केला, आणि ठरवलं की अजून एकदा चाचणी लावायची आणि या वेळी अशी करायची की पळवाटच राहणार नाही.

सोमवारी तिसरी चाचणी. नव्या बीकरांची पेटी फोडली. पाणी बारीक गाळणीतून दोनदा गाळलं. आणि पूर्ण मात्रेचा एक पाचवा बीकर ठेवला, ज्यात एकही पिल्लू टाकलं नाही. नुसतं औषधाचं पाणी. भिंगातून मी बघितलं, गजूभाऊंनी बघितलं, रिकामा. वर तबकडी ठेवली, तबकडीवरून कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर दोघांच्या सह्या. लॅबची किल्ली पर्समध्ये घेऊन मी घरी गेले.

बुधवारी अकराला पहिल्या चार बीकरांत प्रत्येकी पाच, सगळ्या तळाशी. चौथ्यातही पाचच. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मग गजूभाऊंकडे बघितलं तर ते भिंग घेऊन पाचव्या बीकरावर वाकले होते.

पट्टी जशीच्या तशी होती, सह्या जिथल्या तिथं. आत एक पिसू पोहत होती.

मला भीती वाटली. भर सकाळी, बाहेर पोरं सायकली लावत होती, वरच्या मजल्यावर तास चालू होता, तरी वाटली. पण सोडणार नव्हते. मी पट्टी फाडली, काचेची नळी घेतली आणि तिला नळीत ओढलं. नळीत ती दिसत होती, गजूभाऊंनाही दिसत होती. शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या बरणीत नळी बुडवून अलगद सोडलं. म्हटलं, हिला वाढवू, मोठी झाली की बघू काय आहे ते.

बरणीत ती नव्हती. नळीत नव्हती. बीकरात नव्हती. आम्ही दोघांनी दुपारी दोनपर्यंत शोधलं. बरणीतलं पाणी थेंबथेंब करून काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं. काही नाही. गजूभाऊ एवढंच म्हणाले, "आता हेही लिवता का मॅडम?"

लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, बऱ्यापैकी माणसं जमली होती. मी अहवाल वाचला. पूर्ण मात्रेत टाकलेली पिल्लं तिन्ही वेळा सगळीच्या सगळी गेली, निम्म्या मात्रेत अर्ध्याहून जास्त गेली, साध्या पाण्यात एकही नाही. आणि मग ती ओळही वाचली. तिन्ही वेळा पूर्ण मात्रेत एक जास्तीची, जिवंत मिळाली. टाकलेली नसताना.

औषध विकणारा याचीच वाट बघत असावा. उठून फार नम्रपणे म्हणाला की मॅडमच्याच चाचणीत पूर्ण मात्रेत जीव जगतो, मग धोका कुठं आहे? आणि मॅडमना मोजताच येत नसेल, तर बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? मागं काही लोक हसले. सरपंचताईंनी मला सरळ विचारलं की ती कुठून आली आणि जगली कशी.

नवरा सांगत होता ते अगदी तस्संच झालं. क्षणभर वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. बीकर नीट धुतला नसेल, म्हणावं. कोण तपासायला येणार होतं?

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण होती. मी बघितली, आमच्या गजूभाऊंनी बघितली."

पुन्हा हसू झालं. तेव्हा कवडूजी उठले. गुडघे दुखतात त्यांचे, शेजारच्या माणसाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"त्या एका पिसूनं बाईचा काई फायदा नव्हता," ते म्हणाले. "तोटाच होता. लिवलं नसतं त तुमाले-आमाले कोणाले समजलं असतं? तरी लिवलं. आपल्या तोट्याची एक जिती जे बाई लपवत नाई, ते मेलेल्याईचा आकडा खोटा कायले सांगन?"

सरपंचताईंनी बराच वेळ कागद खालीवर केला आणि मग विकणाऱ्याला म्हणाल्या की तुम्ही तुमची बाटली घेऊन जा.

जलकुंभी हातानं काढायचं ठरलं. सोसायटीच्या बायामाणसांनी आणि पंचायतीनं लावलेल्या मजुरांनी मिळून महिनाभरात तलाव मोकळा केला. दोन रविवार मीही गेले होते, कंबरेएवढ्या पाण्यात. उन्हाळ्यात मासे निघाले. चांगले निघाले.

कवडूजींनी आणलेल्या बाटलीत उरलेल्या औषधावर मी नंतर दोनदा चाचणी केली. दोन्ही वेळा पाच टाकल्या, पाच मोजल्या. जास्तीची एकही नाही. रिकामा ठेवलेला बीकर रिकामाच. मग बाटली संपली. ओळखीच्या तीन-चार तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी मी स्वतः आधीच तपासून बाद केलेली कारणं मला पुन्हा सांगितली. मी अजूनही भूतखेत मानत नाही. मोजणीच्या त्या तीन दिवशी आमच्या लॅबमध्ये काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

तलाव मोकळा झाला त्या दिवशी काठावर कवडूजींनी मला हळूच विचारलं होतं की ते नेमकं काय असेल. कळलं नाही, म्हटलं.

"नाई समजलं त नाई समजलं," ते म्हणाले. "पण तुमाले दिसली होती. कोणी इचारलं त तेवढं सांगजा."

म्हणून सांगितलं.