दमटकाका

डबा उघडला की दमटकाका आधी पापडाचा तुकडा मोडत. कट्ट आवाज आला तर जेवायला बसत. नुसताच वाकला तर उठून प्रयोगशाळेत जात. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत ते तंत्रज्ञ होते आणि हवेतल्या ओलाव्याशी त्यांचं जुनं वैर होतं. हे नाव मीच ठेवलं. कंपनीतलं माझं तेवढंच मूळ संशोधन.

आम्ही सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल तपासायचो. हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणारी ही ठिसूळ चकती आठशे अंशांच्या भट्टीत महिनोन् महिने चालवायची आणि किती टिकते ते पाहायचं. आत जाणारी हवा आधी निळ्या मण्यांच्या नळीतून जाई. मणी ओलावा पिऊन गुलाबी झाले की काका ते ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा निळे करत. रोज सकाळी, पूजेच्या निष्ठेने.

मी नवाकोरा पीएचडी. सेलची सहा महिन्यांची चाचणी पार पडली तरच नोकरी कायम होणार होती. ओव्हन मला माझ्या नमुन्यांसाठी हवा होता, म्हणून त्यावर चिठ्ठी लावली: ‘इथे मणी वाळवू नयेत.’

"डॉक्टर, हवेत पाणी आसा," काका मालवणीत म्हणाले.

"भट्टी आठशेवर आहे, काका. पाण्याची काय बिशाद!"

एवढ्या आत्मविश्वासाने मी आजवर फक्त चुकीचंच बोललो आहे.

ऑगस्टमध्ये व्होल्टेज घसरू लागलं. मी सेल बनवणाऱ्यांना नावं ठेवली. उघडून पाहिलं तेव्हा कळलं, दमट हवेने नळ्यांच्या तापलेल्या पोलादातलं क्रोमियम उचलून थेट सेलवर नेऊन बसवलं होतं. हे सगळं माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. मीच लिहिलेलं.

मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "मणी का वाळवले नाहीत?"

"मी विसरलो, मॅडम," काका म्हणाले. चिठ्ठी त्यांनी आधीच काढून टाकली होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, असं का केलंत?"

"माझ्या निवृत्तीला वर्षही उरलं नाही रे. तुझं तर आता सुरू होतंय. जा, मणी वाळव." त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

चाचणी पुन्हा झाली, नोकरीही कायम झाली. काकांच्या निरोपाला मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे एकदाच विसरले!" सगळे हसले, काकाही हसले. शाल माझ्याच हातात होती. खरं सांगायला तीच वेळ होती. मला लाज वाटत होती, अजून वाटते. मी शाल त्यांच्या खांद्यावर नीट घातली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.