पाच मेणबत्त्या आणि हट्ट्याची रुख्मिणीबाई

हट्टा गावच्या रुख्मिणीबाईशी भांडण उकरून काढायला गावात कोणी धजत नसे, कारण ती भांडण संपवूनच उठायची. पण पाच वर्षांच्या पुजाच्या दम्यापुढं तिचं काही चालेना. चुलीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटल्या की लेकीची छाती शिट्टीसारखी वाजायची. गावच्या डॉक्टरनं आधी सुई दिली, मग केळं बंद केलं, मग दही. बंद करण्यासारखं घरात काही उरलं नाही, तेव्हा २००६च्या हिवाळ्यात वसमतला तपासणी शिबिर आलं. दमा निघाला तर तोंडात मारायचा औषधाचा पंप फुकट, नाही निघाला तर सल्ला फुकट.

शिबिरात श्वासाचा जोर आकड्यात मोजणारं, फुंकायचं यंत्र होतं. लेकरांना गोडी वाटावी म्हणून पडद्यावर पाच मेणबत्त्या जळत होत्या. तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची आणि जोरात फुंकून त्या विझवायच्या. पुजानं मेणबत्त्या पाहिल्या, नळी तोंडातून काढली आणि पडद्यापुढं हळूच हातानं वारा घातला.

यंत्रावरचा माणूस हसला. "मंद दिसते पोरगी. चला, पुढचं लेकरू!"

रुख्मिणीबाई खुर्चीवरून हलली नाही.

"मंद काहून म्हणता हो साहेब? दिवा तोंडानं फुंकू न्हाई, हे मीच शिकवलंय तिला. तुमाला घरी कोणी शिकवलं न्हाई का?"

"अहो बाई, हे दिवे खोटे आहेत."

"मग माझी पोरगी काहून खोटी ठरवली?"

आवाज ऐकून डॉक्टर आले. फुंकल्याशिवाय आकडा नाही आणि आकड्याशिवाय पंप नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. छाती त्यांच्यासमोरच वाजत होती, पण यंत्राची अजून परवानगी नव्हती.

रुख्मिणीबाईनं लेकीला मांडीवर घेतलं. "फुंक गं माय. पाप लागलं तर मला लागंल."

पुजानं आईकडं दोनदा पाहिलं आणि फुंकलं. एक मेणबत्ती विझली, बाकीच्या नुसत्या हलल्या. लेकरू खोकून खोकून वाकडं झालं. आता कुठं डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून तिची छाती ऐकली. ती आधीही ऐकता आली असती, पण शिबिराची तशी रीत नसावी. मग त्यांनी पंप दिला.

बाहेर जवळा बाजार गावची एक बाई लेकरू कडेवर घेऊन रांगेत उभी होती.

"आक्का, लेकराला आत्ताच सांगून ठेवा," आत ऐकू जाईल अशा बेतानं रुख्मिणीबाई म्हणाली. "हितं दिवे फुंकायचे असतेत. शहाणपणानं वागलं की येडं ठरवतेत."