उत्तर फोडायचं नाही

आमचं लोखंडी कपाट कामशेतच्या नव्या खोलीच्या दारात दुपारभर अडकून होतं, आणि त्याला कारण गणित.

मी हिंगोलीकडचा. शाळा सहावीत सुटली (खरं तर गणितानं सोडवली). इथं आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. घरमालकीण मावशींनी खोली दिली, शाळेनं लेकीला, प्राजूला, घेतलं. त्यामुळं या दोन्हीकडून काही सांगणं आलं की मी आधी मान डोलावतो, मग ऐकतो. पालकसभेत तर बाईंनी मला खुर्ची दिली! माझ्या वेळी मी बाकावर उभा असायचो. बाई म्हणाल्या, घरी मुलांना उत्तर सांगू नका. हाताळू द्या, चुकू द्या, तुम्ही नुसते प्रश्न विचारा. गणित म्हटलं की पोट दुखणारी प्राजू आता कुठं वर्गात हात वर करायला लागली होती. तो हात माझ्यामुळं खाली यायला नको, एवढीच धास्ती.

गावाकडून मागाहून टेम्पोनं आणलेलं कपाट दारापेक्षा वीतभर उंच निघालं. आडवं करावं तर बाहेरचा बोळ अरुंद.

"प्राजू, तुला काय वाटतं?" मी बाईंच्या आवाजात विचारलं.

तिला वाटलं, रिकामं करू. केलं. कपाट हलकं झालं, बुटकं झालं नाही! मग तिला वाटलं, डावीकडं कलवू. कलवलं, आणि ते चौकटीत असं रुतलं की पुढं जाईना, मागं येईना. आत बायको, बाहेर आम्ही. टेम्पोवाला काही सांगायला गेला, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात मावशी आल्या.

"आवं भाऊ, लय सोपं हाय त्ये..."

"मावशी, पाया पडतो, उत्तर फोडू नका."

"आन् माजी चौकट फुटली म्हंजी?"

वरच्या फटीतून बायकोचा आवाज आला, "पोरीला शोधू द्या हो, पण मला संडासला जायचंय. ते कुणी शोधायचं?"

प्राजू मात्र पायरीवर बसली होती. दोन पुस्तकं उभी, त्यांच्यावर तिसरं आडवं, झालं दार. कंपासपेटीचं कपाट. ती घाले, काढे, कलवे, पुटपुटे. शेवटी उठली.

"बाबा, आधी सरळ करा. मग आतल्या बाजूला झुकवा. डोकं आधी आत, पाय नंतर."

कपाट लोण्यासारखं आत गेलं. बायको बाणासारखी बाहेर आली.

पुढच्या सभेत बाईंनी हा किस्सा सगळ्यांना सांगितला. प्राजूनंच त्यांच्या कानावर घातला होता. म्हणाल्या, उत्तर माहीत असून गप्प राहणं फार अवघड, या बाबांकडून शिका. टाळ्या पडल्या. त्या दिवशी बोळात उत्तर माहीत नसलेला मी एकटाच होतो, हे उठून सांगणार होतो. पण शाळेत उभं राहायची मला आधीच खूप सवय होती. म्हटलं, आज बसूनच राहू.